३ मॅच, १ गोल, ९ खाल्ले : आपल्या अंडर-१७ टीमचा रेकॉर्ड नीट वाचायला घेतला तर

परवा रविवारी प्रॅक्टिस संपल्यावर एका पोराच्या वडिलांनी विचारलं, सर आपण पोरांचा वर्ल्डकप खेळलो होतो ना एकदा, काय झालं होतं त्यात? मी म्हटलं तीन मॅच खेळलो, तिन्ही हरलो, एक गोल मारला आणि नऊ खाल्ले. ते "अच्छा अच्छा" म्हणाले आणि गाडी काढायला गेले. मी मात्र घरी जाईपर्यंत अस्वस्थ होतो, कारण मी जे बोललो ते खरं असूनही त्यातून त्यांना काहीच कळलं नव्हतं. म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून काढतोय. मी मूळचा कोल्हापूरचा, आता नवी मुंबईत असतो, सुट्टीच्या दिवशी बारा-तेरा वर्षांच्या पोरांना फुटबॉल शिकवतो, आणि या टीमवर माझा खूप जीव होता, अजून आहे.

तर आधी पाठीमागचं थोडं. २०१३ च्या डिसेंबरमधे २०१७ चा अंडर-१७ वर्ल्डकप भारताला मिळाला. यजमान म्हणून थेट एंट्री. फिफाच्या कुठल्याही वर्ल्डकपमधे भारताची टीम त्याआधी कधीच उतरली नव्हती, १९५० ला सीनियरची संधी आली होती पण टीम गेलीच नाही, त्यामुळे हा आपला खरोखरचा पहिला. १ जानेवारी २००० किंवा त्यानंतर जन्मलेली पोरं हवी होती. देशभरातून ती शोधायची, एकत्र आणायची आणि घडवायची असं ठरलं. २०१५ पासून जर्मनीचे निकोलाय ॲडम कोच होते. गोव्यात कॅम्प, परदेशात दौरे, पोरं वर्षातले किती महिने घराबाहेर. प्रयत्न कमी पडले असं कुणीही म्हणू नये, इतकं लक्ष त्याआधी भारतात कुठल्याच ज्युनिअर टीमला मिळालं नव्हतं.

पण एक गोष्ट बघा. टीम म्हणजे कॅम्प, आणि कॅम्प म्हणजे आपलीच पोरं आपल्याच पोरांसोबत रोज प्रॅक्टिस करणार, मधूनमधून दौरा आला की दहा-बारा दिवसांत चार-पाच फ्रेंडली. ज्यात हरलं तर काहीतरी जातं, जिंकलं तर काहीतरी मिळतं, टेबलमधे वर-खाली होतं, पुढच्या आठवड्यात परत उभं राहायचं असतं, अशा मॅचेस जवळपास नाहीतच. मला वाटतं सगळ्या प्रकरणाची गाठ इथे आहे आणि बाकीचं सगळं याच गाठीशी येऊन थांबतं.

पहिली खरी परीक्षा २०१६ च्या सप्टेंबरमधे, गोव्यातच, एएफसी अंडर-१६, म्हणजे या वयाच्या पोरांची आशियाई स्पर्धा. ग्रुपमधे यूएई, सौदी आणि इराण. यूएईकडून २-३ हरलो, सौदीशी ३-३, मॅच संपता संपता आपण बरोबरी केली, आणि इराणने ३-० ने हरवलं. म्हणजे एक पॉइंट, ५ गोल केले, ९ खाल्ले. ग्रुपमधे शेवटचे. तरी बघणाऱ्याला वाटलं की अरे ही पोरं खेळतायत, पुढे जातायत, गोल मारतायत. त्याच ऑक्टोबरमधे गोव्यातच ब्रिक्स कप झाला, त्यात सिक्कीमच्या कोमल थाटालने ब्राझीलविरुद्ध गोल मारला, मॅच १-३ हरलो पण ब्राझीलच्या जाळ्यात बॉल गेला तो गेलाच.

२०१७ च्या सुरुवातीला गडबड झाली. पोरांनी कोचच्या वागण्याबद्दल तक्रार केली आणि ॲडम गेले. मार्चमधे पोर्तुगालचे लुईस नॉर्टन डी मातोस आले. वर्ल्डकप ऑक्टोबरमधे. सात महिने.

मे महिन्यात इटलीत आपण २-० ने जिंकलो आणि "भारताने इटलीला हरवलं" म्हणून सगळीकडे गाजलं, नंतर कळलं की समोर इटलीची अंडर-१७ नॅशनल टीम नव्हतीच, खालच्या लीगमधून निवडलेली टीम होती. पोरांचा त्यात काही दोष नाही, ती समोर आली त्या टीमला हरवून आली. पण फ्रेंडलीच्या रेकॉर्डवर किती विसंबायचं ते तेव्हाच कळायला हवं होतं. ऑगस्टमधे मेक्सिकोत चार देशांची स्पर्धा झाली, तिथे मेक्सिकोकडून १-५, कोलंबियाकडून ०-३, चिलीशी १-१. हे आकडे जास्त खरे होते.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. नॉर्टन आल्यानंतर मिनर्व्हा ॲकॅडमीच्या पोरांनी एका प्रॅक्टिस मॅचमधे या नॅशनल टीमला हरवलं. पंजाबातली ॲकॅडमी, तिची पोरं युथ लीग खेळणारी. कोचने मन मोठं ठेवून त्यातली काही पोरं थेट टीममधे घेतली, अन्वर अली, नोंगदांबा नाओरेम आणि मणिपूरच्या थौबालचा उंच मिडफिल्डर जीक्सन सिंग. जीक्सन आधीच्या निवडीत बसलेला नव्हता. त्याचा चुलतभाऊ अमरजीत टीमचा कॅप्टन होता, हा बाहेर. २१ जणांच्या फायनल टीममधे ८ जण एकट्या मणिपूरचे होते, एवढं लहान राज्य, पण तिथे गल्लीगल्लीत क्लब आहेत आणि मॅचेस होतात.

आपला महाराष्ट्राचा अनिकेत जाधव, कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर ज्याने पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस क्लबच्या मॅचेस बघितल्यात त्याला मी काय सांगू की आमच्या गावात अनिकेत टीममधे आहे म्हटल्यावर काय वातावरण होतं. पेठांपेठांत बोर्ड लागले होते. आणि अमेरिकेत वाढलेला नमित देशपांडे होता डिफेन्समधे, म्हणजे आपली दोन नावं होती टीममधे. राज्य सरकारने १५ सप्टेंबरला राज्यभरात दहा लाख पोरांनी फुटबॉल खेळायचा असा दिवसच केला, शाळाशाळांत बॉल आले. त्या बॉलचं पुढे काय झालं यावर कधीतरी वेगळं लिहीन.

६ ऑक्टोबर. भारताच्या मॅचेस आधी नवी मुंबईत होणार होत्या, मग दिल्लीला हलवल्या. मी डी. वाय. पाटीलला तिकीट काढून बसलो होतो. पाच वाजता न्यूझीलंड-तुर्कस्तान १-१ झाली, आठला पराग्वे-माली सुरू झाली, आणि त्याच वेळी दिल्लीत भारत-अमेरिका. स्टँडमधे माझ्या आजूबाजूला निम्मे लोक मोबाईलवर मान घालून, समोर मैदानावर पराग्वे आणि माली जीव तोडून खेळतायत (३-२ झाली ती, फार सुंदर मॅच) आणि आम्ही सहा इंचाच्या स्क्रीनवर दिल्ली बघतोय. नेट अडकत होतं. आधी ओरडायचे ते वरच्या रांगेतले, मग आम्हाला दिसायचं.

३० व्या मिनिटाला जितेंद्रने सार्जंटला बॉक्समधे पाडलं, पेनल्टी, ०-१. हाफटाइमनंतर लगेच डर्किनने दुसरा मारला. पण ८४ व्या मिनिटाला जे झालं ते मी अजून डोळे मिटले की बघू शकतो. अन्वर अलीचा शॉट बारवर आदळला. खण्णकन. आमच्या रांगेतले सगळे उभे. आणि तोच बॉल परत फिरला, अमेरिकेने तो उचलला आणि सरळ पळत सुटले, आपली पोरं सगळी पुढे, मागे मोकळं मैदान, कार्लटनने तिसरा मारला. १-२ व्हायची वेळ होती ती ०-३ झाली, सगळं मिळून काही सेकंदांत.

हे नशीब आहे का? बारवर लागणं नशीब. पण त्यानंतर मागे कोण राहिलं होतं, बॉल सुटला तर पहिला फाऊल कोण करणार, हे नशीब नाही. हे सवयीचं काम आहे आणि ही सवय मॅच खेळूनच लागते, दर आठवड्याला, पाच-सहा वर्षं. त्या अमेरिकेच्या टीममधे टिमोथी वेआ पॅरिसच्या क्लबचा होता, डेस्ट ॲमस्टरडॅमच्या आयाक्सचा. त्यांच्यासाठी हा वर्ल्डकप म्हणजे चालू सीझनमधल्या अजून काही मॅचेस.

९ ऑक्टोबर, कोलंबिया. ही मॅच मी घरी बघितली, माझ्या बॅचची पाच-सहा पोरं घरी आली होती, आईने सगळ्यांसाठी पोहे केले होते. नॉर्टननी टीम बरीच बदलली, अनिकेत आणि कोमलला बाहेर बसवलं, नमित देशपांडेला आत घेतलं, बोरिस सिंग सस्पेन्शन संपवून परत आला. आणि टीम एकदम वेगळीच दिसली. घट्ट. मधली जागा बंद. गोलमधे धीरज सिंग एकामागून एक बॉल अडवतोय. अभिजीत सरकारचा एक चान्स त्यांच्या कीपरने वाचवला. हाफटाइमच्या जरा आधी राहुल केपीचा शॉट पोस्टवर लागला, परत तेच, लाकूड. पोस्टवर लागलेला बॉल दोन बोटं आत असता तर, असं पोरं म्हणत राहिली हाफटाइमभर.

४९ ला पेनालोझाने मारला, ०-१. तरी टीम तुटली नाही.

मग ८२ वं मिनिट. डावीकडून नाही उजवीकडून यावर आमच्या घरात अजून वाद आहे, पण कॉर्नर संजीव स्टालिनने घेतला, बॉल वळून आत आला आणि जीक्सन सगळ्यांच्या वर उठला. हेडर. गोल. वर्ल्डकपमधे भारताचा पहिला गोल, कुठल्याही वयोगटातला पहिला. स्टेडियम वेडं झालं, आमच्या घरात एका पोराने पोह्यांची डिश उलटी केली आणि कुणाचं लक्षही गेलं नाही. सोळा-सतरा वर्षांची पोरं एकमेकांच्या अंगावर पडली होती, धावत होती, रडत होती. मी पण रडलो, खोटं कशाला सांगू.

८३ वं मिनिट. पेनालोझा. १-२.

आम्ही सगळे अजून उभेच होतो. एका पोराला वाटलं रिप्ले दाखवतायत.

या एका मिनिटावर मी किती वेळा विचार केलाय. त्या वेळी काय करायचं असतं हे कुठल्याही क्लबमधे रगडून निघालेल्या पोराला विचारा, तो झोपेतसुद्धा सांगेल. गोल मारला की पुढची पाच मिनिटं काहीही नवीन करायचं नाही. सेंटर झाला की सगळे बॉलच्या मागे. बॉल मिळाला की लांब, लाइनच्या बाहेर. गरज पडली तर मैदानाच्या मधे साधा फाऊल. कीपरने बॉल हातात आला की वेळ घ्यायचा. आणि कुणीतरी एकाने, कॅप्टन असो नसो, ओरडून सगळ्यांना जाग्यावर आणायचं. आता आपल्या पोरांना हे माहीत नव्हतं असं नाही, फळ्यावर शंभर वेळा दाखवलं असेल. पण सत्तर-ऐंशी मिनिटं दम काढून, आयुष्यातला सगळ्यात मोठा आनंद अंगात भिनलेला असताना, हजारो लोक ओरडत असताना, ते शरीराला आठवायला लागतं, आणि शरीराला आठवायचं असेल तर ते आधी शरीरावर घडलेलं पाहिजे. बरोबरी करून लगेच गोल खाल्ला आणि त्यामुळे लीगमधे दोन पॉइंट गेले, आठवडाभर ड्रेसिंग रूममधे ते बोचत राहिलं, असं ज्याच्या बाबतीत चौदाव्या वर्षी दोन-तीनदा झालंय तो सतराव्या वर्षी सावध असतो. आपल्या पोरांच्या बाबतीत ते पहिल्यांदा झालं, आणि झालं ते वर्ल्डकपमधेच.

आणि तो एकमेव गोल कुणी मारला? अडीच वर्षं कॅम्पमधे असलेल्यांपैकी कुणी नाही. जो बाहेर राहिला होता, ॲकॅडमीच्या टीमकडून खेळत होता, शेवटच्या काही महिन्यांत आत आला, त्याने.

घानाच्या मॅचबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. १२ तारखेला, सहा दिवसांतली तिसरी मॅच, पाय संपले होते. अय्याहने ४३ आणि ५२ ला मारले, मग ८६ आणि ८७ ला डान्सो आणि टोकू. परत बघा, ८६ आणि ८७. लागोपाठ. ०-४.

आता ते नऊ गोल मांडून बघा. गोव्यात आशियाई टीम्सकडून ९ खाल्ले होते, वर्ल्डकपमधेही ९ खाल्ले. समोर तगड्या टीम्स असूनही आकडा वाढला नाही, म्हणजे नॉर्टननी सात महिन्यांत डिफेन्स नक्कीच बांधला. पण केलेले गोल ५ वरून १ वर आले. खाली बसून खेळायचं हा निर्णय त्या परिस्थितीत बरोबरच होता असं माझं मत आहे, त्यावर तेव्हा कोचना बरंच बोललं गेलं, पण उघडं खेळलो असतो तर काय झालं असतं ते मेक्सिकोने दोन महिने आधी दाखवलं होतं.

बहुतेक लोकांनी प्रकरण इथे बंद केलं. १३ लाख ४७ हजार प्रेक्षक आले, अंडर-१७ च्या इतिहासातला रेकॉर्ड, फायनलला कोलकात्यात इंग्लंडने स्पेनला ५-२ हरवलं, फोडेन बेस्ट प्लेअर, सगळे घरी. पण पोरांचं खरं शिक्षण त्यानंतर सुरू झालं आणि ते फार कमी लोकांनी बघितलं.

फेडरेशनने इंडियन ॲरोज ही टीम परत उभी केली आणि यातली बरीचशी पोरं २०१७-१८ च्या आय-लीगमधे, म्हणजे देशातल्या मोठ्या क्लबांच्या लीगमधे घातली. मोठ्या माणसांसोबत, परदेशी स्ट्रायकरसोबत, १८ मॅचेस. पहिल्याच मॅचला २९ नोव्हेंबरला चेन्नई सिटीला ३-० हरवलं, अनिकेतने दोन मारले, एक बोरिसने. त्या रात्री कोल्हापूरला फोन लावून लावून मी दमलो. नंतर खूप मार खाल्ला त्यांनी, टेबलमधे शेवटचा नंबर आला. रेकॉर्ड बघणारा म्हणेल परत शेवटचे. पण आठवड्याला एक मॅच, हरलो तर परत पुढच्या आठवड्यात उभं राहायचं, ट्रेन-विमान-हॉटेल-मैदान, हे त्यांना पहिल्यांदा मिळालं.

आणि मग २०१८ चा ऑगस्ट, स्पेनमधे व्हॅलेन्सियाजवळची कोटिफ स्पर्धा. भारत अंडर-२०, म्हणजे बरीचशी हीच पोरं, कोच मुंबईचे फ्लॉइड पिंटो. समोर अर्जेंटिना अंडर-२०, त्यांच्या बेंचवर लिओनेल स्कालोनी, जे पुढे २०२२ चा सीनियर वर्ल्डकप जिंकले. चौथ्याच मिनिटाला दीपक टांगरीने हेडर मारला, १-०. ५४ व्या मिनिटाला अनिकेतला रेड कार्ड. दहा जण राहिले. आणि दहा जणांत असताना ६८ व्या मिनिटाला अन्वर अलीने फ्री किक घेतली, बॉल बारच्या खालच्या बाजूला लागून आत गेला, तोच अन्वर ज्याचा दिल्लीत बाहेर आला होता. २-०. ७२ ला अर्जेंटिनाने एक मारला.

इथे मी घड्याळ बघत बसलो होतो. कारण मला ८३ वं मिनिट आठवत होतं.

काही झालं नाही. वीस-एक मिनिटं दहा पोरांनी अर्जेंटिनाला थोपवलं. बॉल लांब घालवला, वेळ घेतला, एकमेकांना ओरडून जाग्यावर आणलं, फाऊल घेतले. २-१. दिल्लीतल्या एका मिनिटाला जे जमलं नव्हतं ते दहा महिन्यांत जमलं, आणि मधे काय झालं होतं तर एक लीग सीझन झाला होता. अर्जेंटिनाने पुढे ती स्पर्धा जिंकली, म्हणजे आपण काही लेचीपेची टीम हरवली नव्हती.

त्याच वर्षी पुढची बॅच, गोव्याच्या बिबियानो फर्नांडिसांची अंडर-१६, मलेशियात आशियाई स्पर्धेत व्हिएतनामला १-० हरवून, इराण आणि इंडोनेशियाशी ०-० खेळून क्वार्टर फायनलला पोचली, २००२ नंतर पहिल्यांदा. ती जिंकली असती तर भारत वर्ल्डकपला क्वालिफाय झाला असता, यजमान म्हणून नाही, खेळून. कोरियाकडून ०-१. चार मॅचमधे फक्त एक गोल खाल्ला, आणि केलाही एकच, तोही पेनल्टीवर. २०२३ ला थायलंडमधे परत तीच स्पर्धा, व्हिएतनामशी १-१, उझबेकिस्तानकडून ०-१ आणि जपानशी ४-८. चार गोल जपानला! आणि आठ खाल्ले. एका बॅचला अडवता येतं पण मारता येत नाही, दुसऱ्या बॅचला मारता येतं पण अडवता येत नाही, प्रत्येक वेळी कोच नव्याने काहीतरी एक शिकवतो कारण दोन्ही शिकून आलेली पोरं त्याच्याकडे येतच नाहीत.

२०१७ च्या पोरांचं पुढे वाईट झालं नाही. जीक्सन, सुरेश, अपुया, अन्वर, राहुल केपी, रहीम अली, सगळे सीनियर टीमकडून खेळले. २०२१ च्या सॅफ, म्हणजे दक्षिण आशियाई देशांच्या स्पर्धेच्या फायनलला सुरेशने गोल मारला. अन्वरला मधे हृदयाचा त्रास निघाला, खेळणं बंद होण्याची वेळ आली, तो लढून परत आला. राहुलने २०२३ च्या एशियाडला चीनविरुद्ध जो एकट्याने पळत जाऊन मारला तो कुणी बघितला नसेल तर आत्ता शोधून बघा. पण ॲरोज मात्र २०२२ ला बंद केली. ज्या एका गोष्टीने ते मिनिट दुरुस्त केलं होतं तीच.

त्या वडिलांना मी हे सगळं पुढच्या रविवारी सांगणार आहे. त्यांचा मुलगा चांगला खेळतो, डाव्या पायाचा आहे, बॉल सोडत नाही. गेल्या महिन्यात आमच्या दोन मॅचेस ठरल्या होत्या, एक मैदान मिळालं नाही म्हणून गेली, दुसरी समोरच्या टीमची पोरं क्लासला गेली म्हणून गेली. या रविवारी खारघरला सात वाजता एक ठरली आहे, मैदानाचे पैसे भरून झालेत, पावतीही घेतली आहे.